न घासलेल्या क्रँकचं बिल

बिल माझ्या बहिणीच्या अक्षरात होतं. ते अक्षर मी कुठेही ओळखेन. वडील गिरणीत होते, पगारातला निम्मा गावी जायचा, आणि मी लेथवर कामाला लागल्यापासून हिच्या शाळेची फी माझ्या खिशातून गेली. त्या शिकण्याचा उपयोग ती आता नवऱ्याच्या गॅरेजची बिलं लिहायला करत होती, आणि त्या दुपारी भांडुपला तिने जे बिल माझ्या हातात ठेवलं ते माझ्याच गाडीचं होतं.

मी बिल खालून वर वाचतो. आधी बेरीज, मग एकेक ओळ वर. वरून वाचत आलं की माणूस खाली पोचेपर्यंत वाकतो, सगळं खरंच वाटायला लागतं. बेरीज ठरल्याप्रमाणे साडेतीन हजारच होती. त्यावर मजुरी, त्यावर पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट. आणि मजुरी आणि पिस्टनच्या मध्ये एक ओळ: क्रँक ग्राइंडिंग, तीनशे.

"बाय," मी म्हटलं, "जुना माल आणि खोकी दे."

तिने पेनाला टोपण लावलं. "तुला पण?"

"मला पण म्हणजे? गिऱ्हाईक नाही का मी?"

जुना माल आणि खोकी मागायची सवय मला कुर्ल्याच्या बाजारात लागली. स्वतःची शेड टाकली तेव्हा सगळी हत्यारं मी तिथून जुनी घेतली, आणि तिथेच शिकलो की दुकानदाराच्या तोंडाकडे बघू नये, त्याच्या पायाशी काय पडलंय ते बघावं. गॅरेजवाल्याने नवा पार्ट टाकला असेल तर जुना काढलेला असणार आणि नव्याचं रिकामं खोकंही कुठेतरी पडलेलं असणार. दोन्ही दाखवता येत नसेल तर पैसे द्यायचे नाहीत. चांगले गॅरेजवाले न मागता गोणपाटात बांधून डिकीत ठेवतात. भावोजींनी ठेवलं नव्हतं. घरच्याला कशाला, असं वाटलं असेल.

आता घरच्याचं सांगतो, कारण सगळी भानगड तिथूनच सुरू झाली.

गाडी टॅक्सी म्हणून पळते त्याच जातीची, फक्त पांढरी. माझ्याआधी दोन मालक झाले होते. शेडमधला माल गिऱ्हाइकांना पोचवायला मी ती घेतली होती. दसऱ्याच्या सुमाराला ती निळा धूर सोडायला लागली आणि चढावर इंजिनात ठकठक यायला लागली. इंजिन उघडावं लागणार हे मला कळलं. दुसरं कोणाचं गॅरेज असतं तर मी तासभर भांडून भाव पाडला असता. पण घरच्या जावयाशी घासाघीस करायची नाही, असं आमच्याकडे आहे. माझी बायको निघताना म्हणालीच होती, "भावोजींशी भाव करू नका हं. शोभत नाही. तिला तिथे राहायचंय."

मी भाव केला नाही. मी एवढंच म्हटलं, "भावोजी, तुम्ही घरचे. जास्त सांगणार नाही तुम्ही. पण ठोक सांगा. इंजिन उघडल्यावर हे निघालं, ते निघालं, असं नको."

ठोक म्हणजे सगळं मिळून एकच आकडा. आत काहीही निघो, आकडा बदलायचा नाही. त्यांनी डोकं खाजवलं, गाडीभोवती एक चक्कर मारली, सायलेन्सरच्या नळीत बोट घालून काजळी बघितली आणि तीन हजार सातशे म्हणाले. मी नुसता गप्प बसलो. गप्प बसणं म्हणजे काही घासाघीस नव्हे. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "चला, साडेतीन करा. तुमचा मान."

निघताना मी सांगितलं, "बिल मात्र नीट तपशिलाचं द्या. शेडच्या हिशेबात दाखवायचंय. नुसतं ठोक लिहिलेलं आमचे हिशेब बघणारे घेत नाहीत."

हे वाक्य मी बोललो होतो. पुढे त्याचा किती वापर झाला ते येईलच.

बहिणीने कोपऱ्यातून गोणपाट ओढून आणलं. गॅरेज म्हणजे रस्त्याला लागून पत्र्याची शेड आणि मागे पडद्याआड त्यांची दोन खोल्यांची जागा. वर लोखंडी तुळईला इंजिन उचलायची चेनपुली टांगलेली. ती माझी. मी नवी घेतली तेव्हा जुनी, पण धडधाकट, मी यांना गॅरेज सुरू करताना दिली होती. म्हणजे माझं इंजिन माझ्याच साखळीने उचललं होतं. भावोजी दुसऱ्या टोकाला एका टॅक्सीच्या बॉनेटमध्ये वाकलेले, आणि टॅक्सीवाला बाकड्यावर चहा पीत बसलेला.

मी गोणपाट उलटं केलं. जुने पिस्टन बरोबर होते. रिंगा बरोबर. जुनी बेअरिंग घासून तांबं दिसायला लागलेली, बरोबर. मग नव्या बेअरिंगचं खोकं हातात घेतलं आणि त्याच्या कडेचा छाप वाचला.

मी लेथवर मोठा झालो. क्रँक म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनातला दांडा; ती झिजली की मशीनवर घासून पुन्हा गोल करतात. घासली की ती थोडी बारीक होते. बारीक झाली की तिला जाड बेअरिंग लागतं, आणि किती जाड ते खोक्यावर छापलेलं असतं. माझ्या हातातल्या खोक्यावर नुसतं स्टँडर्ड असं होतं. माझी क्रँक कंपनीतून आली तेवढीच जाड होती. तिला कोणी मशीनला लावलंच नव्हतं.

माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलेलं मला कळतं. तिथे एक शीर उडते. बहीण ती शीर लहानपणापासून ओळखते. तिने माझ्या हातातलं खोकं बघितलं, शीर बघितली, आणि हळू आवाजात म्हणाली, "दादा, आत चल. चहा टाकलाय."

"चहा नको."

"दादा, गिऱ्हाईक आहे."

मी तिच्या बाजूने पुढे गेलो. "भावोजी, क्रँक कुठे घासता तुम्ही?"

"आमच्या कुर्ल्याला जातात," ते बॉनेटमधूनच म्हणाले.

"माझी गेली होती?"

पाना थांबला. ते सरळ उभे राहिले, हात चिंधीला पुसले. भावोजी हळू बोलणारे गृहस्थ, आणि मला हळू बोलणाऱ्या माणसांचा फार राग येतो.

"नाही. तुमची गेली नाही. गरजच नव्हती, चांगली निघाली."

"मग हे तीनशे?"

"ठोक आहे ना, दादा."

"ठोक असेल. बिलात ग्राइंडिंग लिहिलंय. ग्राइंडिंग केलंत का?"

"नाही केलं."

"मग घेताय कशाचे?"

टॅक्सीवाल्याने बशी खाली ठेवली. त्याला आता घाई राहिली नव्हती.

भावोजी म्हणाले, "समजा क्रँक गेलेली निघाली असती. घासून जमली नसती, दुसरीच टाकावी लागली असती. मी तुमच्याकडे हजार रुपये जास्त मागितले असते, तर दिले असते तुम्ही?"

"तो प्रश्नच नाही."

"तोच प्रश्न आहे. दिले असते?"

उत्तर टॅक्सीवाल्याने दिलं. "ठोक मतलब ठोक, शेठ. निकला तो उसका नुकसान, नहीं निकला तो उसका फायदा."

"तुमको किसने पूछा? चाय पियो."

"पी रहा हूँ ना," तो म्हणाला आणि रिकामी बशी उचलून तोंडाला लावली.

"फायदा घ्या," मी भावोजींना म्हटलं. "फायदा घ्यायला मी ना म्हणत नाही. मीही शेडमध्ये ठोक कामं घेतो. पण जे केलं नाही ते मी कागदावर लिहीत नाही. न केलेलं काम लिहून घरच्या माणसाच्या हातात ठेवायचं, याला आमच्यात काय म्हणतात माहितीये?"

"काय म्हणतात?" हे बहीण म्हणाली. पदर खोचून ती आमच्या मध्ये आली होती. "बोल ना. लिहिलंय मी. माझं अक्षर आहे. काय म्हणतात?"

"बाय, तू आत जा."

"का जाऊ? तू म्हणालास तपशिलाचं बिल दे. साडेतीन हजाराचा तपशील कुठून आणू? आम्ही इंजिनाच्या कामाचं जसं सगळ्यांना लिहितो तसं लिहिलं. बेरीज जुळवली. एक रुपया वर लावला का तुला?"

"क्रँक चांगली निघाली हे सांगता येत नव्हतं?"

"सांगून काय झालं असतं? तीनशे कापले असतेस."

यावर टॅक्सीवाला हसला. मोठ्याने नाही, पण हसला, आणि तिथे माझा तोल गेला. मी नक्की काय काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. चेनपुलीचा उल्लेख त्यात आला, तिच्या फीचाही आला. भावोजी एवढंच म्हणाले, "शेठ, कापा तुम्ही तीनशे. कापा आणि गाडी न्या." आजपर्यंत त्यांनी मला कधी शेठ म्हटलं नव्हतं.

"कापायचे नाहीत," बहीण म्हणाली.

मी कापले. तीन हजार दोनशे मोजून टॅक्सीच्या मडगार्डवर पान्याखाली ठेवले आणि चावी उचलली. तिने नोटांना हात लावला नाही. मी गाडी मागे घेतली तेव्हाही त्या दुसऱ्याच्या टॅक्सीच्या मडगार्डवर पान्याखाली दाबलेल्या तशाच होत्या.

गाडी सुरेख चालली. हे फार वाईट झालं. मुलुंडपर्यंत मी ठकठक ऐकायला कान लावून बसलो होतो, धुरासाठी आरशात बघत होतो, आणि इंजिन शिवणयंत्रासारखं चालत होतं. कामात खोट सापडली असती तर मला बरं वाटलं असतं.

बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चार दिवसांवर भाऊबीज आलीये. ती दार तरी उघडेल का?"

"का नाही उघडणार? खोटं तिने लिहिलं."

"तीनशे रुपयांसाठी..."

"तीनशेसाठी नाही."

आणि खरंच तीनशेसाठी नव्हतं. माझ्या गाडीची क्रँक चांगली निघाली, ही माझ्यासाठी चांगली बातमी होती, आणि ती मला सख्ख्या बहिणीने सांगितली नाही. मला ती एका रिकाम्या खोक्यावर वाचावी लागली. ही गोष्ट मला तेव्हा लागली आणि अजून लागते.

पण मी व्यवहारी माणूस आहे. दुसऱ्या दिवशी मी दोन ठिकाणी विचारून आलो. घाटकोपरच्या एका गॅरेजवाल्याला म्हटलं, इंजिनाचं सगळं काम, क्रँक न घासता, ठोक किती? तो म्हणाला, तीन हजार सातशे. मला गप्प बसावंसं वाटलं, पण तिथे गप्प बसून उपयोग नव्हता, गाडी त्याला द्यायचीच नव्हती. मग मुलुंडला माझ्या शेडच्या मागच्या गल्लीत विचारलं. तो म्हणाला, तीन हजार तीनशे. म्हणजे एक वर, एक खाली, आणि आमचा साडेतीन हजाराचा आकडा बरोबर मध्ये. आकडा वाजवी होता. आतली ओळ खोटी होती. आकडा वाजवी आणि ओळ खोटी असलेलं बिल बरोबर म्हणायचं की चूक, हे मी शेडमधल्या जुन्या फिटरला विचारलं. तो म्हणाला, "बहीण सख्खी आहे की चुलत?" मी त्याला कामाला लाग म्हटलं.

भाऊबीजेच्या सकाळी मी आंघोळ करून एकटाच निघालो. बायकोला ताप आल्याचं निमित्त सांगायचं ठरवून तिला घरी ठेवलं. दार उघडलं नाही, तर ते बघायला दुसरं कोणी नको होतं. खिशात शंभराच्या तीन नोटा वेगळ्या घडी करून ठेवल्या होत्या. वाटेत डोक्यात हिशेब पक्का केला होता: बिलाचे तीनशे मी कापले ते कापलेच, माघार नाही. पण तेवढेच तीनशे ओवाळणीत पडले तर तिचं नुकसान नाही, माझा शब्दही खाली पडत नाही. मला ही तोड फार हुशारीची वाटली होती.

गॅरेज दिवाळीसाठी बंद होतं. शटर अर्धं वर. खाली वाकून आत गेलो आणि पहिली नजर तुळईकडे गेली. तुळई रिकामी होती. चेनपुली खाली उतरवून, साखळी गोल गुंडाळून, उंबऱ्याशी ठेवली होती. खाली गोणपाट अंथरलेलं. उचलून न्यायला सोयीचं.

माझे पाय तिथेच थांबले. ती मी देऊन टाकलेली वस्तू होती. ती अशी दारात काढून ठेवण्याचा एकच अर्थ होतो, तुमचे उपकार घेऊन जा, आणि ते उपकार मी त्या दिवशी स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवले होते.

भावोजी बाहेर आले. धुतलेला शर्ट, नखांत काळं तसंच. मी चेनपुलीकडे बघितलं. त्यांनीही बघितलं.

"ग्रीस लावायला काढली," ते म्हणाले. "या, आत या. पाट मांडलाय."

आत पाटाभोवती रांगोळी होती. मी बसलो, टोपी घातली. बहिणीने कुंकू लावलं, अक्षता लावल्या. तोंडाकडे बघत नव्हती. निरांजन तीनदा फिरलं आणि तबक माझ्यासमोर थांबलं. मी ती घडी काढून तबकात टाकली.

तिने तबक खाली ठेवलं नाही. एका हाताने घडी उलगडली. तीन नोटा.

"दादा, ही ओवाळणी की ग्राइंडिंग?"

"तुला काय हवं ते समज."

"मला नाही समजायचं. तू सांग."

निरांजनाची वात तडतडली. भावोजी दारात उभे होते, आत आले नाहीत आणि बाहेरही गेले नाहीत. ओवाळणी म्हणालो असतो तर ती घेऊन तिने तबक ठेवलं असतं, जेवायला वाढलं असतं, आणि बाहेरची चेनपुली माझ्या डिकीत गेली असती. तिच्या हातावरून मला ते कळत होतं. लहानपणी गोट्यांत हरली की ती तो हात असाच ताठ धरायची.

"ग्राइंडिंग झालंच नाही," मी म्हटलं. "मग ग्राइंडिंगचे कसे असतील?"

"मग कशाचे?"

शीर उडायला लागली होती. पाटावर बसलेल्या माणसाला उठून जाता येत नाही.

"ठोकातले," मी म्हटलं.

"काय?"

"ठोकातले राहिलेले तीनशे. आता कानात ओतू का?"

तिने नोटा उचलल्या आणि मागे न बघता नवऱ्याच्या दिशेने हात केला. "अहो, हे बिलाचे. आले." मग तबक पुन्हा माझ्यासमोर धरलं. "आता ओवाळणी."

"बाय!"

"काय बाय? हात दुखतो माझा. टाक लवकर."

खिशात पेट्रोलसाठी ठेवलेली एक नोट होती. ती मी टाकली. हिला घासाघीस कोणी शिकवली ते मला माहीत आहे, म्हणून त्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही. पण मीही सुखासुखी उठणार नव्हतो.

"बिल बदलून दे," मी म्हटलं. "ती ओळ काढ. माझ्या हिशेबात मी खोटी ओळ ठेवणार नाही."

"मग काय लिहू?"

"इंजिन काम, ठोक. एवढंच."

"आणि तुझे ते हिशेबवाले?"

"त्यांचं मी बघतो."

तिने तिथेच, पाटासमोर बसून, नवं बिल लिहिलं. जुनं फाडायला मागितलं. मी दिलं नाही. खिशात ठेवलं. ती म्हणाली, "तू कधी सुधारायचा नाहीस रे." मग पानं मांडायला गेली.

जेवण झाल्यावर आम्ही दोघे बाहेर आलो, मी आणि भावोजी. जेवताना ते दोनच वाक्यं बोलले होते, दोन्ही भाजीबद्दल. चेनपुली उंबऱ्यात होती तशीच. मला तिच्यावरून ओलांडून जाता आलं असतं.

मी खाली वाकून साखळीला हात लावला. एक कडी, दुसरी कडी, तिसरी. साखळी कोरडी होती. ग्रीसचा ठिपकासुद्धा नव्हता आणि गॅरेजभर कुठे ग्रीसचा डबा उघडा दिसत नव्हता.

मी वर बघितलं. भावोजी रिकाम्या तुळईकडे बघत होते.

"शिडी कुठे आहे?" मी विचारलं.

त्यांनी भिंतीला लावलेली शिडी आणली. मी दिवाळीच्या कपड्यांतच शिडीवर चढलो, आणि त्यांनी खालून चेनपुली वर दिली. ती जड आहे. आकडा तुळईत बसेपर्यंत आम्ही दोघांनी ती धरून ठेवली होती.

"बसली?" ते खालून म्हणाले.

"बसली. सोडा."